संकेत आणि त्याची वाट

शाळेची घंटा एक ठोका देते तेव्हां तास संपला असें आपण समजतों, आणि ती घणघण वाजूं लागली म्हणजे शाळा सुटली असें जाणून दप्तर उचलतों. घंटेच्या धातूंत तासही नाहीं आणि सुटीही नाहीं. ठोका देणारा शिपाई व तो ऐकणारे विद्यार्थी यांच्यामध्यें आधींच ठरलेला जो करार, त्यामुळेंच त्या आवाजास अर्थ येतो. अशा ठरलेल्या खुणेस संकेत म्हणावें. परंतु नुसता करार असून भागत नाहीं. ठोका कानापर्यंत पोहोंचविण्यास मध्यें हवा पाहिजे. बाहेर पावसाची सर कोसळत असली कीं टोंकाच्या वर्गास घंटा ऐकूं येत नाहीं. दूरवर संदेश पाठविण्याच्या शास्त्राचा सारा विस्तार या दोन गोष्टींतून झाला आहे: संकेत कसा असावा, आणि ज्यांतून तो जावयाचा तें माध्यम कसें असावें. पुष्कळांचा असा समज असतो कीं, माध्यम म्हणजे केवळ वाट होय. संकेत जोरदार असला म्हणजे तो वाटेल त्या वाटेनें जाईलच. हा समज खोटा आहे, व तो खोटा ठरविण्यास एकदां फार मोठी किंमत पडली. ती हकीगत सांगितल्यास विषय सहज ध्यानांत येईल, म्हणून आम्ही तिच्यापासूनच आरंभ करितों.

सॅम्युएल मोर्स यानें १८४४ सालच्या मे महिन्यांत वॉशिंग्टनहून बाल्टिमोर शहरीं तारेनें जो प्रसिद्ध संदेश पाठविला, तो पवित्र शास्त्रांतील गणना या पुस्तकांतलें एक वचन होता. मोर्सच्या पद्धतींत विजेचा प्रवाह क्षणभर सोडला तर टिंब, अंमळ अधिक वेळ सोडला तर रेघ. आणि टिंबें व रेघा यांच्या जुळणीनें सर्व मुळाक्षरें होतात. जमिनीवर खांबांच्या माथ्यावरून ओढलेल्या तारेंत ही युक्ति उत्तम चालली, कारण भोंवतालची हवा विजेस बाहेर जाऊं देत नाहीं. हीच तार समुद्राखालून नेण्याचें मनांत आलें, तेव्हां मात्र प्रश्न निराळा झाला. खारें पाणी वीज वाहून नेतें. त्यामुळें तारेस जलाभेद्य वेष्टण पाहिजे होतें. तें मलायाच्या जंगलांतील झाडांच्या चिकापासून मिळालें. हा पदार्थ म्हणजे गटापर्चा. ऊन केला असतां तो मऊ होतो व थंड पाण्यांत घट्ट राहतो.

वेष्टण मिळालें, पण त्याबरोबर एक नवीच अडचण उभी राहिली. प्रयोगशाळेंतील लेडन जार विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. आंत धातु, मध्यें कांच, बाहेर पुन्हां धातु. अशी ती बरणी विजेचा सांठा करून ठेविते. समुद्रांतील केबलही तशीच नव्हे काय? आंत तांबें, मध्यें गटापर्चा, बाहेर समुद्राचें पाणी. म्हणजे ती शेंकडों कोस लांबीची लेडन जारच झाली. एका टोंकाकडून सोडलेली वीज प्रथम ही बरणी भरूं लागते, आणि पलीकडच्या टोंकास ती एकदम न पोहोंचतां हळूहळू चढते व हळूहळू ओसरते.

याला आमच्याकडील एक दृष्टांत चांगला लागूं पडतो. पूर्वीं विहिरीवर मोट चालत असे. मोट वर आली कीं पाणी धो धो थारोळ्यांत पडे, मग कांहीं वेळ खंड, मग पुन्हां दुसरी मोट. विहिरीजवळ उभा राहणारा मनुष्य मोटा मोजूं शकत असे. परंतु लांबलचक पाटाच्या शेवटीं, उंसाच्या फडांत दारें धरून बसलेल्या गड्यास पाण्याची एकसारखी धार तेवढी दिसे. किती मोटा झाल्या हें त्या धारेवरून त्याला सांगतां येत नसे. पाणी पोहोंचलें, पण मोजणी वाटेंत हरवली. समुद्रांतील केबलींत टिंबांची व रेघांची हीच गत होते.

ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं १८५४-५५ च्या सुमारास हें गणितानें सिद्ध केलें. केबलीची लांबी दुप्पट केली तर संकेताचा विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो. तिप्पट केली तर नऊपट. उपाय त्यांनीं असा सुचविला कीं, तांबें जाड व शुद्ध असावें, वेष्टण जाड असावें, आणि पलीकडे अतिशय नाजूक यंत्रानें क्षीण प्रवाह वाचावा. यासाठीं त्यांनीं आरशाचें गॅल्व्हानोमीटर बनविलें. एका इवल्याशा आरशामागें बारीक लोहचुंबक चिकटवून तो धाग्यानें टांगलेला असे. आरसा किंचित् हालला कीं त्यावरून परावर्तन पावलेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर चांगलाच सरके.

परंतु अटलांटिक केबल कंपनीचा विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यास हा नियम मान्य नव्हता. हा गृहस्थ मूळचा शस्त्रवैद्य. प्रयोग करण्यांत कुशल, पण गणितावर त्याचा विश्वास बसेना. केबल लांब आहे तर जोर अधिक लावावा, असें त्याचें मत. ऑगस्ट १८५८ मध्यें आयर्लंडचा किनारा व न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें केबल पडली आणि दोन्ही देशांत आनंदोत्सव झाले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे जावयास सुमारें १६ तास लागले! व्हाइटहाउसनें आपल्या प्रचंड वेटोळ्यांतून सुमारें २००० व्होल्टांचा दाब केबलीवर घातला. वेष्टणांत आधींच दोष होते, ते या माऱ्यानें वाढले, आणि पुरा महिना होण्यापूर्वींच केबल निकामी झाली. मोठमोठ्या मोटा ओतल्यानें पाटाच्या शेवटीं मोजणी स्पष्ट होत नाहीं, पाट मात्र फुटतो.

तेवढ्या अल्प अवधींत तिनें एक काम केलें, त्याचा संबंध आपल्या देशाशीं येतो. १८५७ च्या उठावामुळें कॅनडांतील दोन पलटणींस परत बोलाविलें होतें. आतां येण्याचें कारण नाहीं, हा हुकूम केबलीनें वेळेवर गेला व फार मोठा खर्च वांचला. त्यामुळें केबल मेली तरी तिचा उपयोग कोणी नाकारूं शकला नाहीं. १८६६ सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजानें नवी केबल टाकली. जुनींत दर सागरी मैलास १०७ पौंड तांबें होतें, तें आतां ३०० पौंड झालें, आणि वेष्टणही वाढविलें. दाब थोडा, यंत्र नाजूक. तरी मिनिटास आठ शब्द जाऊं लागले. त्याच जहाजानें १८७० सालीं मुंबई व एडन यांच्यामधील केबल टाकली, आणि सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गानें मुंबई इंग्लंडाशीं जोडली गेली.

या लांब मार्गावर ठिकठिकाणीं ठाणीं होतीं. तेथील कारकून आलेला संदेश वाचून तो पुढें नव्यानें पाठवीत. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण आमच्या मतें आजच्या सर्व डेटाचें बीज तींतच आहे. टिंब कितीही पुसट झालें तरी तें टिंब आहे एवढें ओळखतां आलें कीं पुरे. पुढें जाणारें टिंब अगदीं कोरें करकरीत. बोलण्याचें तसें नाहीं. टेलिफोनच्या तारेंत प्रवाह आवाजाप्रमाणें सारखा कमीजास्त होत असतो. त्यांत खरखर मिसळली तर खरें किती व भेसळ किती हें निवडतां येत नाहीं, आणि प्रवाह वाढवूं गेल्यास खरखरही वाढते. अलेक रीव्हज या इंग्रज इंजिनियरानें १९३७ सालीं यावर युक्ति काढली: आवाजाची उंची ठराविक क्षणीं मोजावी व तो आंकडाच पाठवावा. टेलिफोनसाठीं पुढें सेकंदास ८००० मापें व प्रत्येक माप आठ अंकांत, असें प्रमाण ठरलें. अंक म्हणजे केवळ शून्य किंवा एक. म्हणजे एका बोलण्यास सेकंदाला ६४,००० अंक. मनुष्याचा आवाज असा पुन्हां टिंबारेघांच्या जातींत येऊन बसला.

इतके अंक वाहून नेण्यास तांबें अपुरें पडूं लागलें. दोन तारांना पीळ दिला असतां बाहेरचा उपद्रव कमी होतो, आणि एका तारेभोंवतीं दुसरी नळीसारखी बसविली तर आणखी कमी होतो. पण अंकांचा वेग वाढेल तसा संकेत लवकर विरतो. तेव्हां विजेच्या जागीं प्रकाश व तांब्याच्या जागीं कांच घेण्याचा विचार पुढें आला. कांच मात्र दिसते तितकी पारदर्शक नसते. १९६६ सालीं चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनीं दाखविलें कीं दोष कांचेचा नसून तींतील लोखंडादि भेसळीचा आहे. त्या काळच्या कांचेच्या तंतूंत वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा अंश उरे. तेवढा अंश एक किलोमीटर गेल्यावर उरेल अशी शुद्ध कांच करावी, असें त्यांचें म्हणणें. चार वर्षांत अमेरिकेंतील कॉर्निंगच्या कारखान्यांत तशी कांच झाली. आजच्या उत्तम तंतूंत तर १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. काव यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. थॉमसननें तांब्याच्या शुद्धतेचा आग्रह धरला होता, त्याची येथें आठवण होते.

मोटेचा दृष्टांत येथेंही सुटत नाहीं. निरनिराळ्या रंगांचे किरण कांचेंतून निरनिराळ्या वेगानें जातात, म्हणून प्रकाशाचा ठोकाही पसरट होतो. तें टाळण्यासाठीं जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश घेतात, आणि तंतूचा गाभा मिलिमीटराच्या शंभराव्या अंशाहूनही बारीक ठेवितात, म्हणजे किरणांस अनेक वाटा फुटत नाहींत.

कोणी म्हणेल कीं, खिशांतील मोबाईलला तर तारच नाहीं. खरें आहे, परंतु त्याच्या लहरी जवळच्या मनोऱ्यापर्यंतच जातात, आणि पुढें बहुतेक प्रवास कांचेंतूनच होतो. उपग्रहाचा मार्ग आहे, पण विषुववृत्तावर स्थिर दिसणारा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असल्यामुळें संकेत वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद जातो, व प्रश्नोत्तरास अर्धा. कांचेंतील प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. म्हणून खंडाखंडांमधील बहुतेक संदेश आजही समुद्राच्या तळानेंच जातात, आणि मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, वाळूखालून, त्या केबली जमिनीवर येतात.