अवयवांची छपाई : बालरुग्णांच्या संदर्भात

थरावर थर चढवून घन वस्तू छापण्याचे तंत्र अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये मांडले. त्यात शाईच्या जागी कृत्रिम राळ होती. २००३ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील थॉमस बोलंड यांनी साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून त्यात जिवंत पेशी भरल्या आणि जैवमुद्रणाची वाट खुली झाली. त्यानंतर या विषयावर इतके लिहिले गेले की, छापलेले यकृत वा मूत्रपिंड आता मिळूच लागले आहे, असा समज सुशिक्षित पालकांतही आढळतो. या शास्त्राची मजल आज कुठवर गेली आहे आणि बालरुग्णांसाठी तिचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छपाई होते कशी?

प्रथम सीटी वा एमआरआय तपासणीवरून अवयवाचा त्रिमितीय आराखडा संगणकावर तयार करतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवून जिलेटिन, कोलॅजेन यांसारख्या मऊ पदार्थात मिसळतात. ही झाली जैवशाई. चकलीच्या सोऱ्यातून पीठ पडावे तशी ती बारीक नळीतून आराखड्याप्रमाणे थराथराने पडत जाते. शाई सैल असली तर आकार टिकत नाही. फार घट्ट असली तर ती दाबून बाहेर काढताना पेशी मरतात. छपाईनंतर ती रचना पोषक द्रवात, शरीराच्या तापमानात ठेवावी लागते. पेशी एकमेकींशी जुळून आपापले काम करू लागल्या, तरच तिला ऊती म्हणता येईल.

खरी अडचण रक्तपुरवठ्याची

प्राणवायू ऊतीमध्ये केवळ पाव मिलिमीटरहूनही कमी अंतर झिरपत जाऊ शकतो. म्हणून शरीरातील बहुतेक पेशींच्या अगदी निकट एखादी केशवाहिनी असतेच. पातळ त्वचा किंवा कूर्चा यांचे या नियमातून कसेबसे निभावते. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचे निभावत नाही. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील ताल ड्वीर यांच्या गटाने मानवी पेशींपासून सशाच्या हृदयाएवढे हृदय छापले. त्यातील पेशी आकुंचन पावत होत्या, पण हृदय म्हणून रक्त ढकलण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते. छापलेले यकृत, मूत्रपिंड वा हृदय अद्याप कोणाही रुग्णात बसवले गेलेले नाही. आकार साधणे म्हणजे अवयव साधणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुलांमधील दोन अनुभव

पहिला अनुभव मूत्राशयाचा. अँथनी अटाला यांच्या गटाने मणक्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय निकामी झालेल्या सात रुग्णांवर केलेले काम २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे वय ४ ते १९ वर्षे होते. त्यांच्याच पेशी विरघळणाऱ्या सांगाड्यावर पेरून मूत्राशयाचा भाग तयार केला होता. ही छपाई नव्हती, पण विचार तोच. ज्यांत या भागाभोवती पोटातील वपाजाल गुंडाळून रक्तपुरवठा जोडला, त्यांत फळ अधिक चांगले दिसले. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत अशा मुलांना अपेक्षित लाभ झाला नाही, उलट काहींना गंभीर उपद्रव झाले. पहिल्या यशाने हुरळून न जाता पुढची चाचणी करणे किती आवश्यक असते, याचा हा धडा होय.

दुसरा अनुभव श्वासनलिकेचा. मिशिगन विद्यापीठात २०१२ मध्ये एका तान्ह्या बाळाची खचणारी श्वासवाहिनी बाहेरून उचलून धरण्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पदार्थाची पन्हळीसारखी आधारनळी छापून बसवली गेली. एकवीस दिवसांत कृत्रिम श्वासोच्छ्वास पूर्ण थांबवता आला. या नळीत एकही जिवंत पेशी नव्हती. एका बाजूने ती उघडी ठेवलेली असल्याने बाळाबरोबर श्वासवाहिनी रुंदावण्यास वाव होता, आणि सुमारे तीन वर्षांत ती विरघळून जावी अशी योजना होती. मूल वाढते, ही गोष्ट या रचनाकारांनी आधी विचारात घेतली, म्हणूनच ती उपयोगी पडली.

वाट पाहावी का?

जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळाच्या पालकांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर स्पष्ट आहे : नाही. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली आणि शी पांढरट, मातकट होत असली, तर त्वरित तपासणी हवी. कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक. ती अपुरी ठरल्यास यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत अशाच एका बालकावर झाले. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला होता. असा तुकडा रक्तवाहिन्यांसह येतो आणि मुलाबरोबर वाढतो. या दोन्ही गोष्टी आज कोणतेही यंत्र छापू शकत नाही.

आशेला जागा कुठे?

आशेचे एक स्थान आपल्या हैदराबादेतच आहे. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांनी मिळून छापलेला कॉर्निया २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला गेला. डोळ्याच्या या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतातच. त्यामुळे वर सांगितलेली मोठी अडचण येथे उद्भवत नाही. मानवी उपयोगासाठी मात्र चाचण्यांचा पूर्ण क्रम पार पडावा लागेल.

या कॉर्नियाची शाई मानवी कॉर्नियाच्याच ऊतीपासून केलेली आहे, हे विसरू नये. एका दान केलेल्या डोळ्यातून उद्या अनेकांना दृष्टी मिळावी, अशी ही दिशा आहे. यंत्र कितीही प्रगत झाले तरी त्यात घालावयाचे द्रव्य माणसाकडूनच येणार. म्हणून छापील अवयवांच्या बातम्या कौतुकाने वाचाव्यात, आणि नेत्रदानाचा व अवयवदानाचा अर्ज मात्र आजच भरावा.