सुटीतील एक दिवस : मंडपेश्वर व एकसर
(परिसर-अभ्यास व इतिहास)

उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातील कितीतरी मुले मुंबईस काका-मामांच्या घरी जातात. परत आल्यावर राणीच्या बागेचे व चौपाटीचे वर्णन ती मोठ्या हौसेने करतात. परंतु ज्या उपनगरात आपण महिनाभर राहिलो, तेथे शेकडो वर्षांपूर्वी कोण राहत होते, हा प्रश्न त्यांच्या मनात सहसा येत नाही. तो प्रश्न उत्पन्न करणे हे इतिहास-शिक्षकाचे काम होय. कुटुंबाच्या एका दिवसाच्या सहलीचा त्यासाठी कसा उपयोग होतो, हे बोरिवलीच्या उदाहरणावरून पाहू.

स्थळपरिचय. बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. तिच्या पश्चिम भागातील मंडपेश्वर व एकसर ही नावे मात्र शहराहून पुष्कळ जुनी आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या लागोपाठच्या दोन स्थानकांना हीच नावे आहेत. दोन्ही स्थळे एका दिवसात मुलांना सोबत घेऊन आरामात पाहता येतात.

मंडपेश्वर. हे खडकात कोरलेले शिवालय सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचे मानले जाते. आत जाताच वडील माणसांनी माहिती सांगण्याची घाई करू नये. प्रथम मुलांना खांब मोजू द्यावेत, अंधाराची डोळ्यांना सवय होऊ द्यावी, नृत्य करणारा शिव त्यांचा त्यांना सापडू द्यावा. थोड्याच वेळात कोणी तरी विचारील, “या भिंतीवर क्रूस कसा ? आणि वरच्या टेकाडावरील छप्पर नसलेल्या भिंती कोणाच्या ?”

येथे खरा पाठ सुरू होतो. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर या लेण्याचे प्रार्थनामंदिर झाले व वर ख्रिस्ती मठ उभा राहिला. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकून घेतली. आज लेण्यात शिवलिंगाची पूजा होते, क्रूस भिंतीवर आहे, आणि मठाचे अवशेष वर उभे आहेत. एकाच खडकावर तीन राजवटींच्या खुणा राहिल्या आहेत.

“मूर्ती कोणी फोडल्या ?” हा प्रश्नही येईल. तो टाळू नये आणि त्याचे उत्तर रागानेही देऊ नये. जिंकलेल्या मुलखात आपला धर्म लादणारी राजसत्ता त्या काळी येथे होती, हे स्पष्ट सांगावे. त्याबरोबरच हेही सांगावे की, या भागातील गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली असून त्यांच्या घरची बोली मराठीचीच एक बोली आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या सत्तेचा जाब आजच्या शेजाऱ्यास विचारावयाचा नसतो, हे मुलास येथे जितके सहज पटेल तितके पुस्तकातून पटणार नाही.

एकसर. येथील वीरगळ हे दुसरे स्थळ. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये येथील सहा मोठ्या शिळांचे वर्णन आले आहे. आता त्या दाट वस्तीत उभ्या आहेत. वीरगळ म्हणजे युद्धात पडलेल्या वीराची स्मारकशिळा. ती वाचण्याची रीत मुलांना आधी शिकवावी : वाचन खालून वर करावयाचे. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या पट्टीत शिवपूजन. मग त्यांना शोधू द्यावे. काही शिळांवर जमिनीवरील लढाई आहे, तर काहींवर चक्क वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते दिसतात. समुद्रावरील लढाई इतक्या तपशिलाने दाखविणारे वीरगळ महाराष्ट्रात विरळाच.

ही लढाई कोणती ? शिळा स्वतः ते सांगत नाहीत. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या समुद्रयुद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा निर्देश हेमाद्रीने केला आहे. शिळेवर काय दिसते आणि त्यावरून काय अनुमान केले जाते, हे दोन वेगळे करून सांगावे. इतिहास कसा सिद्ध होतो, हे मुलास त्यातून उमगते.

घरी परतल्यावर. मुलाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : मी काय पाहिले; मला कोणी काय सांगितले; मला काय कळले नाही. तिसऱ्या सदरातील मजकूर शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. शाळा उघडताच त्यावरून वर्गात चर्चा घ्यावी.

गावातील उपक्रम. मुंबईस न गेलेल्या मुलांनी यात मागे राहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील असंख्य गावांत मारुतीच्या देवळापाशी, वेशीवर किंवा तळ्याच्या काठी वीरगळ पडलेले आहेत. कोठे त्यांना शेंदूर लागतो, कोठे त्यांवर कपडे धुतले जातात, तर कोठे रस्त्याच्या कामात ते भरावाखाली जातात. ज्या दगडाचा अर्थ गावास ठाऊक नाही, तो गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शिक्षकांनी एका शनिवारी वर्ग तेथे न्यावा. शिळेची लांबी-रुंदी मोजावी, पट्ट्या खालून वर वाचाव्यात, प्रत्येक आकृतीचे चित्र काढून घ्यावे. शिळा हलवू नये, खरवडू नये, तिच्यावर रंग लावू नये. पूजा चालत असेल तर गावकऱ्यांस विचारूनच जवळ जावे. वृद्धांकडून ऐकलेली हकीकत तिच्या सांगणाऱ्याच्या नावासह निराळी लिहावी. ही वही शाळेच्या दप्तरी ठेवावी व दरवर्षी नव्या वर्गाने ती शिळेशी ताडून पाहावी. एखादी शिळा जागेवर नसल्यास त्याच दिवशी ग्रामपंचायतीस कळवावे.