एकास तीन, पण किती दिवस?

नागपुरात गप्पी दोन ठिकाणी दिसतात. अॅक्वेरियमच्या दुकानात लांब, रंगीत शेपट्यांचे. आणि महापालिकेच्या हिवताप विभागाने विहिरींत, साचलेल्या पाण्यात सोडलेले, फिकट, डासांच्या अळ्या खाणारे. जात एकच. विहिरीत त्यांनी भराभर वाढावं हीच अपेक्षा असते. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत मात्र तीच वाढ अंगावर येते. गेली कित्येक वर्षं मी घरात गप्पी पाळते. त्या अनुभवाचे हे बोल.

१. दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट ठरवा: पिल्लं हवीत की नकोत? नको असतील, तर फक्त नर आणा. रंग नरांतच असतो, त्यामुळे टाकीची शोभा कमी होत नाही. मात्र सहा-आठ नर तरी एकत्र ठेवा. दोन-तीनच असले की एक दांडगा निघतो आणि दुसऱ्याच्या शेपटीचे लचके तोडतो. आणि अशा टाकीत हौसेखातर एखादी मादी कधीही टाकू नका. सगळे नर तिच्यामागे लागतात आणि ती खंगत जाते.

२. ‘नुसत्या माद्या ठेवल्या तर पिल्लं होणार नाहीत’ हे खरं नाही. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात, तेव्हा वयात आलेली मादी गाभण असते असंच धरून चाला. एकदा संग झाला की नराचं वीर्य ती शरीरात कित्येक महिने साठवते आणि नर नसतानाही साधारण चार-चार आठवड्यांनी वीत राहते. अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देते. एका विताला वीस-तीस पिल्लं सहज. मोठी मादी त्याहून अधिक देते.

३. ओळख शेपटीवरून करू नका, पोटाखालच्या परावरून करा. मादीचा पर त्रिकोणी, पसरट असतो. नराचा अरुंद, काडीसारखा, मागे वळलेला. संगासाठी तो त्याचाच उपयोग करतो. मादीच्या पोटावर मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो आणि वेण्याचे दिवस जवळ आले की तो गडद होतो. आकाराने मादी मोठी, जवळजवळ दुप्पट.

४. पिल्लं हवी असतील, तर एका नरामागे दोन माद्या, शक्यतो तीन. कारण साधं आहे. गप्पीचा नर जागेपणी सतत मादीच्या मागे असतो. नर जास्त असले तर मादीला खायला फुरसत मिळत नाही, ती कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे लपून राहते आणि वेताच्या ताणातून सावरत नाही. माद्या जास्त असल्या की हा पिच्छा वाटला जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण पंचावन्न लिटर पाणी मावतं. त्यात मी तीन नर आणि सात-आठ माद्या पुरेशा मानते. टाकी रिकामी वाटते म्हणून भर घालू नका. ती जागा पिल्लांची आहे. जावा मॉस किंवा हायड्रिला दाट लावा. पिल्लांना आडोसा मिळतो आणि माद्यांनाही.

५. आता खरी गोष्ट. एकास तीन हे प्रमाण पहिल्या दिवसाचं असतं, ते आपोआप टिकत नाही. गप्पीत लिंग माणसासारखंच एक्स-वाय गुणसूत्रांनी ठरतं, म्हणून पिल्लांत नर-माद्या जवळपास निम्मे-निम्मे निघतात. तुम्ही कितीही विचारपूर्वक एकास तीन आणा, पुढची पिढी एकास एक येते. दोन-तीन विती टाकीतच वाढल्या की माद्यांवर नरांची गर्दी होते, आणि मासे का मरतात ते कळत नाही. पाणी तपासतात, औषध घालतात. नर कुणी मोजत नाही.

यावर उपाय एकच: दुसरी टाकी. साधा प्लास्टिकचा टब आणि स्पंज फिल्टर पुरतो. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की भिंग घेऊन बसा आणि ज्यांचा पर टोकदार होऊ लागला ते नर वेगळे करा. याहून उशीर केला तर बहिणी भावांकडूनच गाभण राहतात. दर महिन्याला एक सकाळ या निवडीसाठी राखून ठेवा. ती काढणं जमणार नसेल, तर पहिला बोल पुन्हा वाचा आणि नुसते नर पाळा.

६. जोडी निवडताना नराकडे नीट पाहा. १९२० साली योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने गप्पींवरच दाखवून दिलं की काही रंगखुणा बापाकडून थेट मुलाकडे जातात, मुलीत उतरत नाहीत. दोन-तीन वाणांचे नर एकत्र ठेवले की काही पिढ्यांत सगळी सरमिसळ होते. एका टाकीत एकच वाण बरा.

७. आपला उन्हाळा विसरू नका. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. गप्पीला बावीस ते अठ्ठावीस अंशांचं पाणी मानवतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पहिला फटका गाभण माद्यांना बसतो. म्हणून मार्च संपण्याआधीच मासे कमी करा, जास्तीचे नर आधी द्या. टाकी कूलरच्या खोलीत ठेवा, झाकण काढून वर जाळी बसवा, पाण्याची पातळी थोडी खाली ठेवा आणि एअर पंप रात्रंदिवस चालू राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत हीटर लावा. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घाला.

८. जास्तीचे मासे ओळखीच्यांना द्या, दुकानदार घेतो का विचारा, नाहीतर महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करा. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा इथे मात्र एकही सोडू नका. गप्पी मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. आपल्या तलावांतल्या छोट्या देशी माशांची अंडी-पिल्लं तो खातो आणि एकदा रुजला की निघत नाही. कुठल्या बंद विहिरीत गप्पी सोडायचे, हे हिवताप विभागाला ठरवू द्या.