आधी शुगर, मग चान्स

अगं, तो रिपोर्ट आधी घडी करून पिशवीत ठेव आणि इकडे बस. तीन महिन्यांची शुगर ८.४ आली म्हणून रात्रभर जागलीस ना? त्यात सासूबाईंचं ‘यंदा तरी गोड बातमी दे’ चालूच. गोड बातमी! डायबेटिसवाल्या सुनेसाठी हाच शब्द सापडतो सगळ्यांना.

खरं सांगू का, ८.४ आली म्हणजे आता बाळ नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. डायबेटिस असलेल्या कितीतरी बायकांना धडधाकट मुलं होतात. फक्त आपल्याला चान्स घ्यायचा तो शुगर उतरवून घ्यायचा, आणि तोवर नेटाने थांबायचं. एवढं एक माझं ऐक, बाकी तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

थांबायचं का, तर बघ. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. हृदयही त्याच सुमारास घडत असतं. आपण तेव्हा कुठे असतो? ‘दोन-चार दिवस मागेपुढे होतं माझं’ म्हणत मेडिकलवरून पट्टी आणायची की नाही, या विचारात. त्या दिवसांत आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर बाळाच्या हृदयात, मणक्यात दोष राहण्याची भीती वाढते, गर्भ पडण्याचीही वाढते. म्हणून ‘दिवस राहू देत, मग करते पथ्य’ हे आपलं ठरलेलं उत्तर इथे कामाचं नाही. तोवर उशीर झालेला असतो.

आता आकडा. बहुतेक डॉक्टर सांगतात की चान्स घेण्याआधी तीन महिन्यांची शुगर साडेसहाच्या आत आणा. दहाच्या वर असेल तर स्पष्टच म्हणतात, आत्ता नको. तुझी ८.४ म्हणजे सरासरी १९०-१९५ च्या घरात राहतेय, आणि साडेसहा म्हणजे १४० च्या आसपास. अंतर आहे, पण फार नाही गं. साडेसहा गाठली नाही तर सगळं वाया, असंही मनात आणू नको. ८.४ ची साडेसात झाली तरी धोका तेवढा उतरलाच. उलट साडेसहाच्या हट्टापायी रोज शुगर घसरून हातपाय कापायला लागले, तर तेही बरं नाही. तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांकडून ठरवून घे. हिमोग्लोबिन किती आहे तेही त्यांना दाखव, कारण रक्त कमी असेल तर ही तीन महिन्यांची शुगर फसवी येऊ शकते.

तोवर तांबी बसवलेली असेल तर राहू दे, काढायची घाई नको. नसेल तर निरोध वापरा, किंवा दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचार. नवरा कुरकुरला तर त्याला माझ्याकडे पाठव.

गोळ्यांचं मात्र नीट ऐक, कारण इथे बायका दोन्ही बाजूंनी चुकतात. एक म्हणते, बाळाला बाधेल म्हणून मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. दुसरी म्हणते, डॉक्टरांनी दिल्यात म्हणजे चालत असतील. दोन्ही नको. मेटफॉर्मिन बऱ्याचदा चालू ठेवतात. शुगरच्या बाकीच्या बऱ्याच गोळ्या बदलून इन्शुलिन देतात. वजन उतरवायची ती आठवड्याची सुई, सेमाग्लुटाइड, चान्स घेण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवावी लागते. आणि ज्या गोळ्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही त्या म्हणजे बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, यातलं एखादं नाव तुझ्या पाकिटावर असेल तर डॉक्टरांना आधीच सांग की मला बाळ हवंय. ते बदलून देतात किंवा थांबवतात. सगळी पाकिटं पिशवीत घालून ने, ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं सांगून कुणाला काही कळत नाही.

फॉलिक अ‍ॅसिडही आत्तापासूनच. आपल्यासारख्या डायबेटिसवाल्यांना बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, नेहमीच्या डोसापेक्षा बरीच मोठी. ती दिवस राहण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून पहिले बारा आठवडे होईपर्यंत घ्यायची. त्याच फेरीत बी१२ पण तपासून घे, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते उतरतं. डोळ्यांचा पडदा बघून घे, कारण शुगर झपाट्याने उतरली आणि पुढे दिवस गेले की आधीपासून असलेला डोळ्यांचा त्रास बळावू शकतो. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, थायरॉइड, बीपी. एवढं झालं की तपासण्यांचं ओझं उतरलं.

हो, आणि ते ‘तू तर एवढी बारीक, तुला कसला डायबेटिस?’ म्हणणारे लोक. त्यांच्यासाठी एक गंमत सांगते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे राहून काढलेला फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा सारखाच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली माणसं वरून काडी आणि आतून लोणी. तेव्हा कुणी बारीक म्हटलं की हसून पुढे जा.

आता घरचं बोलू. मी माहूलगावातलीच, भात-मासळीवर वाढलेली, तेव्हा भात सोड असं तुला सांगणार नाही. सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस, मीही ऐकलं नव्हतं. फक्त ताटातला क्रम बदल. आधी कोशिंबीर, पालेभाजी, मासळी, आणि मग भात, तोही एक वाटी, पुन्हा न घेता. तांदळाची भाकरी आणि भात एकाच जेवणात नको, दोन्ही तांदूळच की. नाचणीला औषध समजून तीन-तीन भाकऱ्या चेपणाऱ्या बायका मी पाहिल्यात. नाचणीनेही शुगर वाढतेच, एक भाकरी पुरे. बोंबील, मांदेली, करंदी खुशाल खा, पण रव्यात घोळून तळलेलं रोज नको, कालवण कर. मुशी-मोरीसारखे मोठे मासे आत्तापासूनच टाळ, त्यांच्यात पारा साठलेला असतो. सुक्या मासळीतलं मीठ बीपीला वाईट. आणि चहा! दिवसाला पाच वेळा कटिंग, प्रत्येकात दीड चमचा साखर, वर ग्लुकोजची बिस्किटं. हा हिशेब एकदा कागदावर मांड, मग कारल्याच्या रसाला वेठीला धरायची गरज उरणार नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर शुगरला भातापेक्षा बरी नाही. यंदा देवाला सांग, उपवास पुढच्या वर्षी धरते म्हणून. तो समजून घेतो, आजेसासूबाईंचं सांगता येत नाही.

चालायचं म्हणशील तर माहूलमध्ये त्याचा वेगळाच प्रश्न आहे. रिफायनऱ्या आपल्या उशाला. इथल्या हवेने लोकांच्या तब्येतीला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलंय, आणि तुला ते वाचून कळायची गरज नाही, रात्री खिडकी उघडली की कळतं. तेव्हा ज्या संध्याकाळी घशात खवखव होते, त्या संध्याकाळी खाली उतरू नको. घरातल्या घरात, पॅसेजमध्ये, जेवल्यावर पंधरा मिनिटं फेऱ्या मार. लोक बघतील तर बघू देत. जेवणानंतरची शुगर उतरवायला ती पंधरा मिनिटं फार कामाची असतात. आणि घरात कुणी मशेरी भाजत असेल, नवरा गुटखा खात असेल, तर दोन्ही बंद. तूही लावत असशील तर तूही. मी काही विचारत नाही.

अजून एक गोष्ट आपल्याच मुंबईतली, मला फार आवडते. २००६ पासून काही वर्षं इथल्या वस्त्यांमध्ये ‘सरस’ नावाचा प्रकल्प चालला. दिवस राहण्याच्याही आधीपासून बायकांना रोज एक खाऊ द्यायचे, समोसा-भजीसारखा दिसणारा, पण आत पालेभाजी, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाचा खाऊ साधा, कांदा-बटाट्याचा. पुढे तपासलं तर गरोदरपणात होणारा डायबेटिस साध्या खाऊवाल्यांत १२.४ टक्के आणि पालेभाजीवाल्यांत ७.३ टक्के निघाला. त्या बायकांना आधीपासून डायबेटिस नव्हता, म्हणून आपल्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही, आणि समोसाही खायचा नाहीये! पण ही तयारी आधीपासून करायची असते, हे त्यांनी आपल्यासारख्याच घरांमध्ये करून दाखवलं. चेंबूर स्टेशनबाहेरची मेथीची जुडी काही महाग नाही.

इन्शुलिनचं नाव काढलं की तुझा चेहरा उतरतो, मला माहितीय. ‘सुई लागली म्हणजे संपलं’ हे आपल्याकडे कुणी पेरलंय कोण जाणे. इन्शुलिन घेतलंस तर ते नाळेतून बाळाकडे जवळजवळ जातच नाही, साखर मात्र सरळ जाते. म्हणून तर डॉक्टरांना ते सोयीचं वाटतं. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. मे महिन्यात लाइट गेली तर पिशवीत गुंडाळून मातीच्या माठाशी ठेव. आणि शुगर घसरली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मशीनवर बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पी, पंधरा मिनिटांनी परत तपास. बिस्किटाने हे काम लवकर होत नाही. पर्समध्ये साखरेची पुडी कायम असू दे, बस कधी अडकेल सांगता येत नाही. मशीनवर तपासण्याआधी हात धुवायला विसरू नको हं. आंबा चिरून तसंच बोट टोचलं होतं मी एकदा, ३४० आकडा बघून घरभर रडारड केली होती.

एवढं सगळं करूनही मधेच पाळी चुकली, तर? घाबरून कुठल्याही गोळ्या आणून घेऊ नको, आणि ‘आता काढावंच लागेल’ असं कुणी शेजारणीने म्हटलं तर तिचंही ऐकू नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. ते गोळ्या बदलतील, शुगरला घट्ट धरतील, सोनोग्राफीच्या तारखा ठरवतील. दिवस राहिल्यावर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत ठेवायला सांगतात. आज हे आकडे बघून धडकी भरेल, पण आधीच सवय लावलेली असली की ते जमतात.

सासूबाईंना काय सांगायचं, ते मला सोपं वाटतं. ‘डॉक्टरांनी तीन-चार महिने औषध दिलंय, मग बघू,’ एवढंच. लांबण लावू नको, रडू नको. आणि नवऱ्याला एकदा तरी ओपीडीत सोबत ने, म्हणजे घरी वाद घालायला दोन तोंडं होतील. त्याचीही शुगर तपासून घे.

पहिल्या तपासण्यांसाठी महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ जवळ पडेल, तिथे मोफत होतात. तिथून चिठ्ठी घेऊन गोवंडीचं शताब्दी नाहीतर सायन हॉस्पिटल गाठ, जिथे मेडिसिन आणि बायकांची ओपीडी दोन्ही एकाच आवारात आहेत. केसपेपरची रांग सकाळीच लागते, तेव्हा आठच्या आत पोहोच. उपाशी रक्त द्यायचं असेल तर डबा बरोबर ने, गोळ्या किंवा इन्शुलिन डबा उघडायच्या वेळेलाच, आधी नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, ‘मला बाळ हवंय, त्याआधी शुगर नीट करायचीय.’ मग ते तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात आणि वेगळ्या गोळ्या लिहितात. आणि काय लिहिलं त्याचा फोटो मला पाठव, रात्री बघते.