‘आयी’ म्हणजे मावशी

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत चार महिने राहून आले. शेजारच्या गोऱ्या जोडप्याची मुलगी चीनमधून दत्तक घेतलेली, आता सोळा-सतरा वर्षांची. ती बोलते इंग्रजीच. तरी आईवडील दर रविवारी तिला चिनी शाळेत नेतात आणि सुट्टीत तिघं चीनला जाणार आहेत. वर्षाची असताना सुटलेली भाषा शिकवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नातल्या ‘सुटलेली’ या शब्दापाशी थोडं थांबू या. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०१४ साली ९ ते १७ वर्षांच्या ४८ मुली तपासल्या. काही जन्मापासून फक्त फ्रेंच बोलणाऱ्या, काही चिनी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या. तिसऱ्या गटातल्या मुली चीनमध्ये जन्मलेल्या, सरासरी तेरा महिन्यांच्या असताना फ्रेंच घरात दत्तक आलेल्या. या शेवटच्या मुलींना चिनी भाषेतला एक शब्दही कळत नव्हता. पण चिनी सुरांतले चढउतार ऐकवल्यावर त्यांच्या मेंदूचा जो भाग जागा झाला, तो चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच. फक्त फ्रेंच येणाऱ्या मुलींचा मेंदू तेच सूर वेगळ्या ठिकाणी हाताळत होता.

सुरांचं एवढं महत्त्व का? मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, ‘मा’ एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागावणं. आपल्या कानांना ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक न शिकवता कळतो, इंग्रजी कानांना तो पकडता येत नाही. सहा-आठ महिन्यांच्या इंग्रज बाळाला मात्र त आणि ट वेगळे ऐकू येतात. वर्षभराचं होईतो त्याचा कान घरच्या भाषेपुरता घडतो. तुमच्या शेजारची मुलगी चीनमध्ये होती तो काळ हाच. पुढे शिकायला घेतलं की त्याचा उपयोगही होतो. कोरियातून नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या, डच बोलणाऱ्या प्रौढांना कोरियन उच्चार शिकवले, तेव्हा इतर डच लोकांपेक्षा ते त्यांना लवकर साधले. अगदी सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेल्यांनासुद्धा.

अर्थात कानात राहिलेली भाषा मँडरिनच असेल असं नाही. हूनान, ग्वांगडोंग, जियांगशी या प्रांतांची रोजची बोली वेगळी, आणि बाळाला मांडीवर घेणारी बाई बहुधा तीच बोलत असणार. चिनी बालकल्याण संस्थांत सांभाळणाऱ्या बाईला ‘आयी’ म्हणतात. मराठी कानाला ते थेट ‘आई’ ऐकू येतं, पण अर्थ आहे मावशी, आईची बहीण. आपल्याकडे दवाखान्यात, पाळणाघरात, शाळेत ज्या बाईला आपण मावशी म्हणतो, तीच ही. त्या तिघांच्या चीनच्या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं माणूस मला तीच वाटते. जन्मदात्या आईचा पत्ता अशा बहुतेक मुलींना नसतो. बाळ सोडून देणं गुन्हा असल्यामुळे आईवडील आपला माग ठेवत नसत. कागदावर असते ती बाळ सापडल्याची जागा आणि तारीख : बाजारातली पायरी, दवाखान्याचं दार, संस्थेचं फाटक. वाढदिवसही पुष्कळदा अंदाजाने लिहिलेला. आडनाव संस्थेने दिलेलं, कधी सगळ्या मुलांना एकच, जसं पक्षावरून ‘दांग’ किंवा देशावरून ‘ग्वो’. अशा वेळी ‘तू दूध प्यायला कंटाळा करायचीस’ एवढं सांगणारी मावशी भेटली, तरी त्या मुलीच्या पहिल्या वर्षाला एक साक्षीदार मिळतो. ते वाक्य दुभाष्याशिवाय कळावं म्हणून रविवारची शाळा.

अशा सहलीला जाणारी कुटुंबं बहुधा ग्वांगजौलाही जातात. मुलांचा अमेरिकेचा व्हिसा तिथेच होई. शामियन बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात एका लाल सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून फोटो काढायची रीतच पडली होती, आणि तो फोटो कितीतरी घरांत जपलेला आहे. १९९२ पासून दीड लाखावर मुलं अशी परदेशी गेली, निम्म्याच्या आसपास अमेरिकेत. एक मूल धोरणाच्या काळात त्यांत मुलीच फार. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, नात्यातली आणि सावत्र मुलं वगळता, परदेशी दत्तक बंद केल्याचं जाहीर केलं.

एक काळजी मात्र मला वाटते. २००५ मध्ये हूनानमध्ये काही संस्थांनी बाळं विकत घेतल्याचं उघड झालं. त्यामुळे ‘मला खरंच कुणी सोडलं होतं का?’ हा प्रश्न या वयात मुलीच्या मनात येऊ शकतो, आणि त्याचं उत्तर सहलीत मिळेलच असं नाही. म्हणून सापडल्याच्या जागी जायचं की नाही, संस्थेचं दार ओलांडायचं की बाहेरूनच परतायचं, हे तिने ठरवावं, आणि तिथे पोचल्यावरही तिला मन बदलता यावं. पुन्हा मुलाकडे जाल तेव्हा ‘चीन कसा वाटला?’ असं विचारण्याआधी तिला ‘मावशी’ हा आपला शब्द सांगा. ‘आयी’ म्हणजे काय, हे तिला आधीच माहीत असेल.