पोटाचा घेर आणि प्रकृती

आरोग्याचा पाठ चालू असता 'जो सडपातळ तो निरोगी' असे उत्तर वर्गात हमखास मिळते. हे उत्तर अपुरे आहे. शरीरात चरबी किती आहे, याइतकेच ती कोठे साठली आहे, यासही महत्त्व असते.

त्वचेखालील चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र घातक ठरते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात. यकृतात मेद साठला की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मग रक्तातील साखर आवरण्यासाठी स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते आणि ते अपुरे पडू लागले म्हणजे मधुमेह जडतो. रक्तदाब व हृदयविकार यांचा धोकाही वाढतो. शरीराच्या वरच्या आणि खालच्या भागांत साठणाऱ्या मेदातील हा भेद फ्रान्समधील डॉ. ज्याँ व्हाग यांनी १९४७ सालीच निदर्शनास आणला होता.

भारतीयांनी याबाबत विशेष सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. तराजूस जे दिसले नाही, ते तपासणीत दिसले.

कृती : प्रौढ व्यक्तीच्या उंचीइतका दोरा घेऊन त्याची मधोमध घडी करावी. श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर ती घडी पोटाभोवती गुंडाळावी. दोरा अपुरा पडल्यास पोटावरील चरबी वाढल्याची ती खूण समजावी. भारतीय प्रौढांसाठी घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर मानतात. मर्यादा ओलांडलेल्यांनी रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

सूचना : शिक्षकांनी हा प्रयोग प्रथम स्वतःवर करून दाखवावा. कोणत्याही मुलाचे पोट वर्गासमोर मोजू नये. स्थूल मुलास चिडवले जाते आणि कृश मूल निर्धास्त राहते. या पाठाने दोन्ही गोष्टी टळाव्यात. केवळ पोटाच्या व्यायामाने तेथील चरबी उतरत नाही. रोजचे चालणे, मैदानी खेळ, बेताचे गोड व तळलेले पदार्थ आणि पुरेशी झोप यांनीच ती कमी होते. मुलांनी घरी वडीलधाऱ्यांच्या संमतीने दोरा लावून पाहावा. एखाद्या घरातील दुखणे त्यायोगे वेळीच ध्यानात आले, तरी पाठ सार्थकी लागेल.