आधी ओ देतंय का बघ

परवा रात्री साडेनऊला तुझा फोन आला. "कशी आहेस आत्या" एवढंही न विचारता सुरू झालास, "आउटलुक हँग झालंय, तीनदा बंद करून चालू केलं, तरी तसंच." मी म्हटलं, माउसवरचा हात काढ आणि जेवायला जा. तुला ते लागलं असणार. सीए झालेल्या माणसाला कुणी जेवायला पाठवत नाही. पण जेवून आलास तेव्हा ते चालू झालेलं होतं, हे तूच सांगितलंस. का झालं ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

सांगलीच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात माझी एकतीस वर्षं गेली. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. मी इंजिनीअर नाही. पण हळदीच्या अडत्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांची कागदपत्रं माझ्या एका मेलवर यायची, आणि 31 जुलै जवळ आला की तो मेल नेमका बसायचा. साहेब आधी माझ्याकडे बघायचे, मग मॉनिटरकडे. त्यातून जे शिकले ते तुला देते.

पहिलं आणि सगळ्यात मोठं. खिडकीवर पांढरट धुकं आलं आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लागली, की तू समजतोस संपलं. तसं नसतं रे. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमच्या दाराशी हाक मारत असतं. पाच सेकंदांत आतून ओ आली नाही, की ते पाटी लावून मोकळं होतं. आतला माणूस आंघोळीला गेलाय की चक्कर येऊन पडलाय, हे पाटीवरून कळत नाही. ते बघायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. आउटलुकची ओळ शोध आणि तिच्यापुढचे सीपीयूचे आणि डिस्कचे आकडे मिनिटभर नुसते बघत बस. आकडे हलतायत ना? मग ते काम करतंय, त्याला करू दे. दहा मिनिटं शून्याला चिकटून असेल, तरच एंड टास्क.

आणि ही घाई महाग का पडते ते ऐक. आउटलुक जबरदस्तीने बंद केलं की त्याची फाइल नीट मिटली जात नाही. पुढच्या वेळी उघडताना ते आधी ती फाइल तपासायला बसतं. तपासताना ते आणखी हळू चालतं. हळू चाललंय म्हणून तू पुन्हा मारतोस. पुन्हा तपासणी, पहिल्या पानापासून. परवा तू तीनदा हेच केलंस. चौथ्यांदा जेवायला गेलास म्हणून ते पूर्ण झालं.

हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्याच हातून घडलं. आउटलुक एक्सप्रेसच्या काळातली गोष्ट. संध्याकाळी निघताना त्याने विचारलं, फोल्डर आवळून जागा मोकळी करू का? मी हो म्हटलं. निळी पट्टी निम्म्यावर आली आणि तिथेच रेंगाळली. माझी बस सहा दहाची. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि गेले. सकाळी इनबॉक्स उघडला तर आत एकही मेल नाही, धुतलेल्या पाटीसारखा कोरा. पुढचे दोन दिवस एकेका पार्टीला फोन करत होते, "तेवढं पुन्हा पाठवाल का?" साहेब काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून दुसरं सांगते, कशालाही हात लावायच्या आधी फाइलची कॉपी. पण कुठल्या फाइलची, हे कळायला हवं. आउटलुक सगळे मेल एका मोठ्या फाइलमध्ये ठेवतं. तिच्या नावाच्या शेवटी पीएसटी तरी असतं नाहीतर ओएसटी. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, मग डेटा फाइल्स असं गेलास की दोन्ही तिथे दिसतील. ओएसटी म्हणजे सात-बाराचा उतारा. मूळ नोंद सर्व्हरवर असते, उतारा फाटला तर दुसरा काढता येतो. पीएसटी म्हणजे मूळ खरेदीखत. तुझं जुनं खातं पॉपवर आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून घेतले आणि तिकडचे बहुतेक पुसले गेले. ते आता जगात फक्त त्या पीएसटीत आहेत. ती गेली की गेलं. ओएसटी बिघडली तर आउटलुक बंद करून तिचं नाव बदल, पुढे 'जुनी' लाव आणि आउटलुक पुन्हा उघड, ते सर्व्हरवरून नवी बांधून घेईल. तरीही पुसू नकोस, नावच बदल. न गेलेले मेल आणि फक्त याच कॉम्प्युटरवर ठेवलेली फोल्डरं तिच्यात असू शकतात. पीएसटीला मात्र असला खेळ नाही.

आता तुझा खरा रोग. तू म्हणालास फाइल 41 जीबीची आहे. अरे! आउटलुक 2010 पासून या फाइलची ठरलेली मर्यादा 50 जीबी आहे. मायक्रोसॉफ्टचंच सांगणं असं की 5 जीबीपर्यंत बहुतेक यंत्रांवर चांगली चालते, 10 पर्यंत तुझ्या यंत्राच्या दमावर, त्यापुढे मध्येमध्ये अडखळते, आणि 25 च्या पुढे तर हे होणारच. मर्यादा वाढवायचा मार्ग आहे, तो तुला इंटरनेटवर सापडेलही. तिकडे जाऊ नकोस. आमच्या वेळी, आउटलुक 97 पासून 2002 पर्यंत, फाइल 2 जीबीवर गेली की उघडायचीच नाही. मग एक छोटा प्रोग्रॅम मिळायचा, तो फाइलचा काही भाग कापून टाकायचा म्हणजे उरलेली उघडावी. कापलेल्या भागात कुणाचे कागद आहेत ते आधी कळायचं नाही. पोत्याचं तोंड बांधता येईना म्हणून धान्य ओतून द्यायचं, तसला प्रकार.

तू आर्थिक वर्षाने चालणारा माणूस आहेस, मेलही तसेच ठेव. दर एप्रिलला एक नवी पीएसटी काढ, नावात वर्ष घाल, आणि मागल्या वर्षाचे मेल तिच्यात हलव. एका वेळी हजार-दोन हजार, जास्त नको. पन्नास हजार निवडून एकदम ओढलेस तर पुन्हा पांढरं धुकं येईल आणि पुन्हा मला फोन. हलवून झाले की जुन्या वर्षाची फाइल डाव्या बाजूच्या यादीतून बंद करून ठेव. उघडी राहिली तर तिचंही ओझं आहेच. लागेल तेव्हा उघडता येते.

आणि इथे सगळे फसतात. मेल हलवले, पुसले, डिलीटेड आयटम्सही रिकामं केलं, तरी फाइल 41 ची 41 च. कारण पुसल्याने फाइलच्या आत जागा रिकामी होते, फाइल आखडत नाही. गोदामातली पोती नेली म्हणून भिंती जवळ येत नाहीत. त्यासाठी डेटा फाइल्समध्येच सेटिंग्जवर जाऊन 'कॉम्पॅक्ट नाऊ' दाबावं लागतं. शनिवारी दुपारी दाब आणि सोमवारपर्यंत तिकडे फिरकू नकोस. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, आणि झोपेत जाणार नाही असं करून. माझी बस आठव.

पण ती एवढी फुगली कशी? तुझ्या ऑफिसातल्या पोरांना विचार, स्कॅनर कितीवर ठेवलाय. माझी पैज आहे, 600 डीपीआय आणि रंगीत. फॉर्म 16 रंगीत लागतो कशाला? 300 वर आणलंस तर ठिपके निम्मे नाही, चौथाईवर येतात, कारण लांबीतही निम्मे आणि रुंदीतही. काळ्या-पांढऱ्यात तर आणखी लहान. शिवाय जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलून जाते, तीन बाइट्सची चार अक्षरं होतात. म्हणजे 15 एमबीचं स्कॅन वाटेत 20 एमबी भरतं. आउटलुक साध्या खात्यावर 20 एमबीपेक्षा जास्त जोडू देत नाही, जीमेलची हद्द 25.

याच जातीचा एक त्रास म्हणजे आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल. पोराने संध्याकाळी अवजड मेल पाठवला, तो जाईना. आउटलुक दर थोड्या वेळाने त्याला ढकलत राहतं, मागे सगळे खोळंबलेले, आणि आपण म्हणतो इंटरनेट स्लो आहे. पुसायला जावं तर म्हणतं पाठवणं चालू आहे. अशा वेळी सेंड/रिसीव्हच्या पट्टीत 'वर्क ऑफलाइन' दाब, आउटलुक बंद करून उघड, तो मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाक, जोडलेली फाइल लहान कर. मग ऑफलाइनचं बटण आठवणीने पुन्हा काढ. एकदा ते काढायला विसरून एका ऑफिसात दिवसभर "आज कुणाचेच मेल नाहीत" म्हणून चहा प्यायला गेला होता. कुठल्या ते विचारू नकोस.

फाइल लहान करूनही धाप लागत असेल तर पाहुणे तपास. विंडोजचं बटण आणि आर दाबून आउटलुक डॉट ईएक्सई, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि सेफ असं इंग्रजीत टाइप कर. नाहीतर कंट्रोल धरून आउटलुक उघड. असं उघडलं की बाहेरून आलेली जोडकामं, म्हणजे अ‍ॅड-इन्स, बाजूला राहतात. असं उघडल्यावर पळायला लागलं तर रोग पाहुण्यांत आहे. पीडीएफवाला, मीटिंगवाला, अँटीव्हायरसवाला, जो आला त्याने आपलं बिऱ्हाड टाकलेलं असतं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली 'गो'. सगळ्यांच्या खुणा काढ, मग रोज एक परत लाव. रोज एक म्हणते, तासाला एक नाही. मी एकदा उतावीळपणे चार लावून बसले होते आणि चोर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि उजव्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक' असं लिहून येत असेल, त्या नव्याला हे जुने अ‍ॅड-इन्स चालतच नाहीत. मी सांगते आहे ते सगळं जुन्याचं, जे तुझ्याकडे आहे.

अँटीव्हायरस एका यंत्रावर दोन नकोत. दोन राखणदार प्रत्येक मेल अडवून आपापली झडती घेतात. एक काढ, दुसऱ्याची पूर्ण तपासणी सकाळी अकराला लागली असेल तर जेवणाच्या सुट्टीत ने.

आणखी एक, हे नवीन आहे, माझ्या वेळी नव्हतं. पीएसटी बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते, आणि हल्ली विंडोज डॉक्युमेंट्स सगळंच वनड्राइव्हवर चढवायला बघतं. आउटलुक त्या फाइलमध्ये दिवसभर लिहीत असतं, आणि तिकडून वनड्राइव्ह तिला ओढत असतं. ती तिथून काढून सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात ठेव. नेटवर्कवर, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तर मुळीच नको. ते मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही.

फाइलच खराब झाल्याची शंका आली तर स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं अवजार ऑफिसच्या फोल्डरातच मिळतं. आउटलुक बंद करून चालवायचं, बॅकअपची खूण काढायची नाही, आणि चुका शून्य येईपर्यंत दोन-तीनदा चालवायचं. त्याला ज्याचा अर्थ लागत नाही ते ते टाकून देतं, म्हणून कॉपीआधी हात लावू नकोस.

तुझी भागीदार थंडरबर्ड वापरते ना? तिचं सोपं आहे. तिथे बहुधा एकेक फोल्डर म्हणजे एकेक फाइल, आणि पुसलेल्या मेलवर नुसती काट मारलेली असते, मेल तिथेच. फोल्डरवर उजवं क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की खरंच जातो. यादी विचित्र दिसायला लागली तर त्याच फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर'. आणि शिफ्ट धरून उघडलं की पाहुण्यांशिवाय उघडतं. तिला सांग, इनबॉक्समध्ये दहा वर्षं साठवू नये.

हे सगळं करून झाल्यावर, आणि तेव्हाच, खर्चाचं बघ. तुझ्या जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाल. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हा खर्च कर. लोक उलटं करतात, नवं मशीन घेतात आणि त्यावर तीच 41 जीबीची फाइल नेऊन ठेवतात.

आज संध्याकाळी आउटलुक बंद कर. पूर्ण बंद, टास्क मॅनेजरमध्ये त्याची ओळ गेलेली दिसली पाहिजे. मग ती पीएसटी बाहेरच्या डिस्कवर कॉपीला लाव. 41 जीबीला वेळ लागेल, आणि पट्टी मध्येच थांबल्यासारखी वाटेल. तेव्हा मला फोन करायचा असेल तर कर, पण आधी कशी आहेस ते विचार.